पेन ड्राइव्ह सुरक्षितपणे काढणे : कारण, रीत व वर्गपाठ

१. विषयाचे महत्त्व

प्राथमिक शाळेचे दप्तर एके काळी एका लाकडी कपाटात मावत असे. हजेरीपत्रक, दाखल-खारीज नोंदवही, निकालपत्रक, जडवस्तुसंग्रहाची वही इत्यादी कागदपत्रे मुख्याध्यापकांच्या देखरेखीखाली त्या कपाटात राहत. ही कागदपत्रे आजही आहेत. परंतु त्यांच्या जोडीला पुष्कळसा मजकूर आता संगणकावर तयार होतो. यू-डायससाठी जमविलेली माहिती, शिष्यवृत्ती परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्यांच्या याद्या, शालेय पोषण आहाराचे हिशेब, बालसभेची छायाचित्रे हे सारे शाळेतून केंद्रशाळेकडे, केंद्रशाळेतून पंचायत समितीकडे नेताना, विशेषतः जेथे इंटरनेटची जोडणी नीट चालत नाही तेथे, पेन ड्राइव्ह या बोटाएवढ्या साधनाचाच आश्रय घ्यावा लागतो.

या साधनाचा उपयोग सर्वांना ठाऊक आहे. त्याची शिस्त मात्र थोड्यांच्याच अंगवळणी पडलेली दिसते. फाइल नकलून झाली, पडद्यावरील हिरवी पट्टी भरली, की पेन ड्राइव्ह ओढून खिशात टाकावयाचा, असा सर्वसाधारण प्रघात आहे. बहुतेक वेळा त्यात काही बिघडत नाही आणि त्यामुळेच ही सवय पक्की होते. एखादे दिवशी मात्र पंचायत समितीच्या कार्यालयात पेन ड्राइव्ह लावावा आणि फाइल उघडू नये, असा प्रसंग येतो. ती यादी भरण्याचा तो अखेरचा दिवस असेल, तर त्याचा भार शिक्षकापेक्षा यादीत नाव असलेल्या मुलावर अधिक पडतो.

‘पेन ड्राइव्ह काढण्यापूर्वी अमुक कळ दाबा’ एवढी सूचना दिल्याने ही सवय सुटत नाही. ज्या सूचनेचे कारण कळलेले नाही ती घाईच्या वेळी प्रथम विसरली जाते. यास्तव प्रस्तुत लेखात आधी कारण, नंतर रीत आणि शेवटी वर्गात घ्यावयाचा पाठ, असा क्रम ठेविला आहे.

२. पेन ड्राइव्हची रचना

पेन ड्राइव्हच्या आत ‘फ्लॅश’ जातीची स्मृती असते. विद्युतरोधक थराने वेढलेल्या अतिसूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार कोंडून ठेवावयाचा आणि तो भार किती आहे यावरून मजकूर वाचावयाचा, हे तिचे तत्त्व होय. वीज तोडली तरी हा भार वर्षानुवर्षे टिकतो. म्हणूनच पेन ड्राइव्ह खिशात घालून गावोगाव नेता येतो. तोशिबा कंपनीतील जपानी अभियंते फुजिओ मासुओका यांनी ही स्मृती १९८४ साली तज्ज्ञांपुढे मांडली. पेन ड्राइव्ह बाजारात आले ते २००० साली. त्या वर्षी आयबीएम कंपनीने विक्रीस आणलेल्या पेन ड्राइव्हमध्ये अवघा ८ मेगाबाइट मजकूर मावत असे. आज सर्रास मिळणाऱ्या ३२ गिगाबाइटच्या पेन ड्राइव्हची धारणशक्ती त्याच्या सुमारे ४,००० पट आहे.

हे साधन संगणकाच्या ज्या खाचेत बसते तिला यूएसबी असे म्हणतात. या जोडणीचे पहिले मानक १९९६ साली प्रसिद्ध झाले. साधा पेन ड्राइव्ह हातात घेऊन त्याच्या धातूच्या तोंडात पाहिले असता चार सोनेरी पट्ट्या दिसतात. बाहेरच्या दोन पट्ट्या किंचित लांब व मधल्या दोन आखूड असतात. बाहेरच्या पट्ट्यांतून ५ व्होल्टची वीज येते आणि मधल्या पट्ट्यांतून मजकूर ये-जा करतो. लांबीतील या फरकामुळे पेन ड्राइव्ह बसविताना वीज आधी जोडली जाते व काढताना ती शेवटी तुटते.

चालू संगणकात हे साधन लावता व काढता यावे, अशीच मुळात ही योजना आहे. त्यावरून काही जण असे अनुमान काढतात की, ते केव्हाही ओढून काढण्यास हरकत नसावी. हे अनुमान बरोबर नाही. पट्ट्यांची रचना विजेच्या जोडणीचे रक्षण करते. वाटेत असलेल्या मजकुराचे रक्षण करणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे. तो मजकूर वाटेत का असतो, हे आता पाहू.

३. लिहिल्यासारखे दिसणे व प्रत्यक्ष लिहिले जाणे

संगणकात दोन प्रकारची स्मृती काम करीत असते. एक तात्पुरती, जिला रॅम म्हणतात. ती अत्यंत वेगवान असते, पण वीज जाताच कोरी होते. दुसरी कायमची, म्हणजे संगणकाची हार्ड डिस्क किंवा आपला पेन ड्राइव्ह. हिचा वेग पहिलीच्या मानाने फारच कमी असतो.

आता समजा, ६०० मेगाबाइटची एक चित्रफीत पेन ड्राइव्हवर न्यावयाची आहे आणि त्या पेन ड्राइव्हचा लिहिण्याचा वेग सेकंदाला १० मेगाबाइट आहे. साधा भागाकार केला तर या कामास ६० सेकंद लागतील. संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत मात्र ही चित्रफीत काही सेकंदांतच येऊन बसते. एवढा वेळ वापरणाऱ्यास खोळंबून ठेवू नये म्हणून संगणक एक युक्ती करतो. मजकूर तात्पुरत्या स्मृतीत आला की तो ‘काम झाले’ असे सांगून मोकळा होतो आणि मागाहून, सवडीने, तो मजकूर पेन ड्राइव्हवर उतरवीत राहतो. उबुंटू व तत्सम लिनक्स प्रणालींत हे विशेष दिसून येते. तेथे बदललेला मजकूर सामान्यतः ३० सेकंदांपर्यंत तात्पुरत्या स्मृतीत थांबू शकतो.

शाळेतील व्यवहाराने हे सहज समजेल. पालक येऊन काही माहिती सांगतात. गुरुजी ती तूर्त एका कच्च्या कागदावर टिपून घेतात व ‘झाले हं काम’ म्हणून पालकांना निरोप देतात. पक्क्या नोंदवहीत ती माहिती चढते ती मधल्या सुट्टीत. दरम्यान तो कच्चा कागद वाऱ्याने उडाला, तर पालकांच्या समजुतीप्रमाणे नोंद झालेली असते आणि नोंदवहीत मात्र काहीच नसते. पडद्यावरील हिरवी पट्टी भरणे हे पुष्कळदा कच्च्या कागदावरील टिपण पूर्ण झाल्याचे चिन्ह असते. नोंदवहीतील नोंद झाली की नाही, हे तिच्यावरून कळत नाही.

काही पेन ड्राइव्हना लहानसा दिवा असतो. तो लुकलुकत असेल तर वाचन वा लेखन चालू आहे, असे निश्चित समजावे. परंतु दिवा स्थिर झाला म्हणजे सर्व लेखन संपले, असे मात्र समजू नये. संगणकाने उरलेला मजकूर अद्याप पाठविण्यास प्रारंभच केलेला नसेल, तर दिवा स्थिरच दिसेल.

४. घाईने काढल्यास काय बिघडते

घाईने ओढलेल्या पेन ड्राइव्हमध्ये तीन प्रकारची हानी संभवते.

पहिली हानी सरळ आहे. मजकुराचा काही भाग पोहोचतो व काही पोहोचत नाही. फाइलचे नाव दिसते, परंतु ती उघडत नाही किंवा अर्धवट उघडते.

दुसरी हानी नोंदीची होय. पेन ड्राइव्हवरील मजकूर एकापाठोपाठ एक असा सलग ठेवलेला असतोच असे नाही. एकाच फाइलचे तुकडे निरनिराळ्या ठिकाणी असू शकतात. कोणत्या फाइलचा कोणता तुकडा कोठे आहे, याची एक सूची पेन ड्राइव्हवर असते आणि प्रत्येक फाइल लिहिताना ती सूचीही बदलावी लागते. शाळेच्या भाषेत ही पेन ड्राइव्हची दाखल-खारीज नोंदवहीच म्हणता येईल. मूल वर्गात येऊन बसले आहे, पण त्याचे नाव नोंदवहीत चढलेले नाही, अशी स्थिती झाल्यास शाळेच्या दृष्टीने ते मूल पटावर नसते. तद्वतच मजकूर पेन ड्राइव्हवर पोहोचला असूनही सूचीत नोंद होण्यापूर्वी तो ओढला गेला, तर संगणकास ती फाइल सापडत नाही. सूचीच अर्धवट लिहिली गेली, तर एका फाइलवर न थांबता संपूर्ण पेन ड्राइव्ह वाचता येईनासा होण्याचा संभव असतो.

तिसरी हानी अनपेक्षित असते. फ्लॅश स्मृतीत लहानसा मजकूर बदलावयाचा झाल्यास एखादे अक्षर खोडून त्या जागी दुसरे लिहिता येत नाही. स्मृतीचा एक मोठा गट एकदम पुसावा लागतो. त्या गटात अन्य फाइलींचा मजकूर असल्यास तो आधी दुसरीकडे हलवावा लागतो. हे सर्व काम पेन ड्राइव्हमधील नियंत्रक आपल्या नकळत करीत असतो. नेमक्या त्याच क्षणी वीज तुटली, तर ज्या जुन्या फाइलीला आपण हातही लावला नव्हता तीही बिघडू शकते. ‘मी तर फक्त एक नवीन चित्र घातले, मग मागील वर्षीचा निकाल कसा गेला?’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा येथे सापडते.

ग्रामीण शाळांत आणखी एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. लेखन चालू असताना भारनियमनामुळे वा अन्य कारणाने वीज गेली, तर परिणाम पेन ड्राइव्ह ओढल्यासारखाच होतो. जेथे विजेचा भरवसा नाही तेथे महत्त्वाचे लेखन बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपवर करावे किंवा संगणकास यूपीएस जोडलेला असावा.

५. काढण्याची योग्य रीत

कार्यप्रणाली कोणतीही असो, रीतीचा गाभा एकच आहे. संगणकाला विचारावे, त्याच्या होकाराची वाट पाहावी आणि मग हात लावावा. ‘इजेक्ट’ ही आज्ञा दिली असता संगणक तीन कामे करतो. तात्पुरत्या स्मृतीत राहिलेला मजकूर तो पेन ड्राइव्हवर उतरवितो. एखादी फाइल अद्याप उघडी आहे काय, हे तो तपासतो. सूची पूर्ण करून तो त्या साधनाशी असलेला आपला व्यवहार बंद करतो. ही तिन्ही कामे झाल्यावरच तो होकार देतो.

विंडोज असलेल्या संगणकावर पुढील क्रम ठेवावा :

(अ) पेन ड्राइव्हवरील ज्या फाइली उघड्या असतील त्या जतन करून बंद कराव्यात. पेन ड्राइव्हची खिडकीही बंद करावी.

(आ) पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाजवळ, पेन ड्राइव्हचे लहान चिन्ह असते. ते दिसत नसल्यास तेथील छोट्या बाणावर टिचकी मारावी, म्हणजे दडलेली चिन्हे दिसतील.

(इ) त्या चिन्हावर टिचकी मारून यादीतील आपल्या पेन ड्राइव्हच्या नावापुढील ‘इजेक्ट’ निवडावे. एकाहून अधिक साधने जोडलेली असल्यास नाव नीट वाचावे.

(ई) ‘सेफ टू रिमूव्ह हार्डवेअर’ असा संदेश आल्यावर पेन ड्राइव्ह सरळ रेषेत, न वाकविता बाहेर काढावा.

उबुंटूमध्ये ‘फाइल्स’च्या खिडकीत डाव्या बाजूस पेन ड्राइव्हच्या नावासमोर एक लहान त्रिकोणी चिन्ह असते. तेच इजेक्टचे चिन्ह होय. लेखन बाकी असल्यास तसा इशारा पडद्यावर येतो. तो असेपर्यंत साधनास स्पर्श करू नये. भ्रमणध्वनीला पेन ड्राइव्ह जोडला असल्यास सेटिंग्जमधील ‘स्टोरेज’ या भागात जाऊन तेथील इजेक्टचे चिन्ह दाबावे.

बाहेरून जोडावयाच्या हार्ड डिस्कच्या बाबतीत अधिक सावधगिरी बाळगावी. तिच्या आत चकत्या मिनिटाला हजारो फेरे घेत असतात. इजेक्टचा होकार मिळाल्यावरही काही सेकंद थांबून, आतील फिरणे शांत झाल्यावरच ती जागची हलवावी.

६. संगणक नकार देतो तेव्हा

पुष्कळदा ‘हे साधन सध्या वापरात आहे’ अशा अर्थाचा संदेश येतो. अशा वेळी वैतागून पेन ड्राइव्ह ओढण्याकडे मनाचा कल होतो. वास्तविक संगणक येथे आपल्या हिताचीच गोष्ट सांगत असतो. कोठेतरी एखादी फाइल उघडी आहे, एखादे छायाचित्र दाखविले जात आहे किंवा विषाणुरोधक कार्यक्रम तपासणी करीत आहे, एवढाच त्याचा अर्थ. उघड्या खिडक्या एकेक करून बंद कराव्यात, मिनिटभर थांबावे व पुन्हा आज्ञा द्यावी. तरीही नकारच आला, तर संगणक रीतसर बंद करावा आणि तो पूर्ण बंद झाल्यावर पेन ड्राइव्ह काढावा. संगणक झोपविणे, म्हणजे ‘स्लीप’ ही आज्ञा देणे, हे बंद करणे नव्हे. त्या स्थितीत फाइली उघड्याच राहिलेल्या असतात.

७. एक शंका व तिचे निरसन

‘नव्या विंडोजमध्ये हा खटाटोप अनावश्यक झाला आहे’ असे काही शिक्षक म्हणतात. या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. २०१८ सालच्या विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने बाहेरून जोडलेल्या साधनांसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हे मूळ धोरण ठरविले. या धोरणात मजकूर तात्पुरत्या स्मृतीत रेंगाळत ठेवला जात नाही. त्यामुळे लेखन संपल्यानंतर आज्ञा न देता पेन ड्राइव्ह काढला तरी सामान्यतः हानी होत नाही.

तथापि तीन गोष्टी विसरू नयेत. एक, ‘लेखन संपल्यानंतर’ ही अट तेथेही कायम आहे. फाइल उघडी असताना किंवा नक्कल चालू असताना ओढलेला पेन ड्राइव्ह या धोरणातही बिघडू शकतो. दोन, हे धोरण बदलता येते आणि समोरच्या संगणकावर कोणते धोरण चालू आहे, हे बाहेरून दिसत नाही. तीन, शिक्षकाचा पेन ड्राइव्ह एकाच संगणकावर राहत नाही. शाळेतील जुना संगणक, केंद्रशाळेतील उबुंटू, कार्यालयातील नवा लॅपटॉप, अशी त्याची फिरती असते. जी सवय सर्वत्र उपयोगी पडते ती एकच सवय लावून घेणे श्रेयस्कर होय.

८. बिघाड झाल्यावर काय करावे

सुरक्षितपणे काढण्याइतकेच दोन उपाय महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, मूळ काम पेन ड्राइव्हवर उघडून करू नये. फाइल संगणकावर घ्यावी, तेथे काम पूर्ण करावे, ती बंद करावी आणि मग तिची प्रत पेन ड्राइव्हवर ठेवावी. दुसरा असा की, फाइल ‘कट’ करून हलवू नये, ‘कॉपी’ करावी. पेन ड्राइव्ह रीतीने काढून, पुन्हा लावून, तेथील प्रत उघडते याची खात्री झाल्याशिवाय मूळ प्रत पुसू नये. ज्या नोंदीची प्रत फक्त पेन ड्राइव्हवर आहे, ती नोंद असुरक्षित समजावी.

इतके करूनही बिघाड झाल्यास घाबरून जाऊ नये. ‘या साधनात दोष आहे, तपासून दुरुस्त करावा’ अशा अर्थाचा संदेश विंडोजमध्ये आल्यास, ज्या फाइली उघडत असतील त्या आधी संगणकावर नकलून घ्याव्यात आणि नंतर दुरुस्तीची आज्ञा द्यावी. दुरुस्तीमुळे कधी कधी मजकुराचे सुटे तुकडे ‘फाउंड’ या नावाच्या वेगळ्या घडीत जमा होतात. ते लगेच पुसू नयेत. मात्र ‘वापरण्यापूर्वी हा डिस्क फॉरमॅट करा’ असा संदेश आल्यास होकार देऊ नये. फॉरमॅट केल्याने जुनी सूची पुसली जाऊन नवी कोरी सूची मांडली जाते. अशा पेन ड्राइव्हवर नवीन काहीही न लिहिता तो बाजूस ठेवावा व जाणकाराच्या हाती द्यावा. त्यावर नवे लेखन झाले नसेल, तर मजकूर परत मिळण्याची आशा अधिक राहते.

९. वर्गपाठ : चिठ्ठ्यांचा खेळ

इयत्ता : सहावी किंवा सातवी. वेळ : ४० मिनिटे. साहित्य : एक टेबल, आठ चिठ्ठ्या, खडू, घंटा, जुना पेन ड्राइव्ह. या पाठास वीज वा चालू संगणक लागत नाही. ज्या शाळेत एकच संगणक आहे तेथेही तो सर्व मुलांना सहभागी करून घेता येतो.

उद्देश : (१) नक्कल झाल्यासारखे दिसणे व प्रत्यक्ष लिहिले जाणे यांतील भेद मुलांच्या ध्यानात यावा. (२) इजेक्टच्या आज्ञेचे कारण मुलांना स्वतःच्या शब्दांत सांगता यावे.

पूर्वतयारी : जुना पेन ड्राइव्ह मुलांच्या हाती द्यावा व आतील पट्ट्या मोजावयास सांगाव्यात. ‘कोणत्या पट्ट्या लांब आहेत?’ ‘हे साधन काढण्यापूर्वी घरी किंवा शाळेत मोठी माणसे काय करतात?’ असे प्रश्न विचारून मुलांचे पूर्वज्ञान जाणून घ्यावे.

विषयप्रतिपादन : टेबल ही संगणकाची तात्पुरती स्मृती समजावी. वर्गाच्या दुसऱ्या टोकास जमिनीवर खडूने बारा चौकोन आखून त्यांना क्रमांक द्यावेत. हा पेन ड्राइव्ह होय. ‘उद्या सकाळी सात वाजता शाळेच्या पटांगणात झेंडावंदन होईल’ या वाक्यातील आठ शब्द आठ चिठ्ठ्यांवर लिहावेत. एक विद्यार्थी वाहक होईल. तो एका वेळी एकच चिठ्ठी उचलून, चालत जाऊन, रिकाम्या चौकोनात ठेवील. चौकोन ओळीने घेण्याचे बंधन नसावे. दुसरा विद्यार्थी सूचीकार होईल. कोणता शब्द कितव्या चौकोनात आहे, हे तो सर्व चिठ्ठ्या पोहोचल्यावर फळ्यावर लिहील. एक मूल वाचक म्हणून वर्गाबाहेर थांबेल. घंटा झाली की वीज तुटली असे मानावयाचे. त्या क्षणी टेबलावर व वाहकाच्या हातात असलेल्या चिठ्ठ्या शिक्षकांनी काढून घ्याव्यात.

पहिली फेरी : आठही चिठ्ठ्या टेबलावर मांडताच शिक्षकांनी ‘नक्कल पूर्ण झाली’ असे मोठ्याने जाहीर करावे. वाहकाने चार चिठ्ठ्या नेल्यावर घंटा द्यावी. वाचकास आत बोलावून चौकोनांतील शब्द जुळवावयास सांगावे. ‘उद्या सकाळी सात वाजता’ एवढेच त्याच्या हाती लागेल. कोठे जावयाचे व कशासाठी, हे त्यास कळणार नाही.

दुसरी फेरी : आठही चिठ्ठ्या चौकोनांत पोहोचू द्याव्यात, परंतु सूचीकाराने लिहिण्यापूर्वी घंटा द्यावी. या फेरीत चिठ्ठ्या पालथ्या ठेवाव्यात आणि सूचीवाचून कोणताही चौकोन उलटण्याची वाचकास मनाई असावी. सर्व शब्द जागेवर असूनही वाचकाला वाक्य सांगता येणार नाही.

तिसरी फेरी : घंटा देण्यापूर्वी शिक्षकांनी विचारावे, ‘काढू का?’ वाहक व सूचीकार आपापले काम पूर्ण करतील व दोघेही ‘काढा’ म्हणतील. त्यानंतरच घंटा द्यावी. वाचक सूची पाहून पूर्ण वाक्य वाचील.

तुलना : तिन्ही फेऱ्यांत चिठ्ठ्या, चौकोन व वाहक तेच होते. मग फरक कशामुळे पडला, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. ‘पहिल्या फेरीत गुरुजींनी काम झाले असे सांगितले होते, ते खरे होते काय?’ हा प्रश्न अवश्य विचारावा. या प्रश्नाच्या उत्तरात पाठाचा सारा आशय आहे.

सामान्यीकरण : मुलांच्या उत्तरांतून पुढील फलकलेखन तयार व्हावे. ‘आधी बंद करा, मग विचारा, होकार येईपर्यंत थांबा, नंतर काढा.’ शिक्षकांनी हे वाक्य आयते देऊ नये. मुलांच्या शब्दांत थोडा फरक पडला तरी चालेल.

उपयोजन : संगणक उपलब्ध असल्यास प्रत्येक मुलास एकदा तरी पेन ड्राइव्ह रीतीने काढण्याची संधी द्यावी. ज्यात महत्त्वाचा मजकूर नाही असाच पेन ड्राइव्ह त्यासाठी घ्यावा. काय बिघडते ते दाखविण्यासाठी चालू लेखनात पेन ड्राइव्ह ओढण्याचा प्रयोग करू नये. प्रत्येक वेळी बिघाड होतोच असे नाही आणि एकदा काही न बिघडलेले मुलांनी पाहिले, तर नेमकी उलटी शिकवण त्यांच्या मनात रुजेल.

मूल्यमापनासाठी मुलांना असा प्रसंग द्यावा : ‘ताईने छायाचित्रे पेन ड्राइव्हवर घेतली. पट्टी भरली. दादा म्हणाला, एसटी येण्याची वेळ झाली, ओढ लवकर. ताईने काय करावे व दादाला काय सांगावे?’ उत्तरात रीतीबरोबर कारणही आले, तर पाठ सफल झाला असे समजावे.

१०. शिक्षकांसाठी स्वाध्याय

(१) आपल्या शाळेतील संगणकावर कोणती कार्यप्रणाली आहे व तीत इजेक्टचे चिन्ह कोठे आहे, हे पाहून ठेवावे. ते स्थान दर्शविणारी लहान चिठ्ठी संगणकाजवळ लावावी.

(२) शाळेच्या पेन ड्राइव्हवरील प्रत्येक महत्त्वाच्या फाइलची दुसरी प्रत कोठे आहे, याची यादी करावी. जिची दुसरी प्रत नाही ती आजच तयार करावी.

(३) एक मोठी फाइल पेन ड्राइव्हवर नकलावी. पट्टी भरल्याची वेळ व इजेक्टनंतर होकार मिळाल्याची वेळ टिपून घ्यावी. हाच प्रयोग दोन निरनिराळ्या संगणकांवर करून आलेले अंतर केंद्र संमेलनात सहकाऱ्यांपुढे मांडावे.

तिसऱ्या प्रयोगात काही संगणकांवर दोन्ही वेळा जवळजवळ एकच येतील, तर काहींवर अर्ध्या मिनिटाहूनही अधिक अंतर पडेल. हे अंतर एकदा स्वतःच्या घड्याळावर पाहिलेला शिक्षक पुढे पट्टी भरताच हात पुढे करणार नाही. मुलांच्या नावांची यादी घेऊन कार्यालयात जाण्यापूर्वी एवढा वेळ थांबणे, हा त्याच्या दप्तराच्या कामाचाच भाग होय.